दहा मिनिटं पुढचं घड्याळ

सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी शनी रास बदलणार होता, आणि सिस्टर पाच वाजल्यापासूनच डोक्यावरून पाणी घेऊन तयार होत्या.

सिस्टर म्हणजे प्रसूतिगृहातल्या सिस्टर. नोकरी संपून सहा वर्षं होऊन गेली, तरी गल्लीत त्यांना दुसरं नाव उरलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी बाळंतखोलीत काढली. कोपऱ्यावरचा भाजीवाला, बँकेतली कॅशियर मुलगी, नवा पोस्टमन, सगळे पहिल्यांदा रडले ते यांच्याच हातात. नवरा ऐन उमेदीत गेला, पदरात दोन वर्षांचा मुलगा ठेवून. तो बाबू. आता बत्तीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर, आईपेक्षा दीड वीत उंच. रास मकर, आणि गेली साडेसात वर्षं साडेसातीत.

त्यातल्या शेवटच्या अडीच वर्षांत सिस्टरांनी एकही शनिवार चुकवला नव्हता. दिवसातून एकदा खायचं, तेही मिठाशिवाय. सूर्य मावळताना तिळाच्या तेलाचा दिवा, आणि दिव्यापुढे स्तोत्राची अकरा आवर्तनं. अंगात ताप असो, पाय सुजलेला असो, नेम तो नेम. असे एकशे तीस शनिवार झाले होते.

"आई, चहा तरी घे," बाबू म्हणाला.

"नऊ बावीसनंतर."

"शनी काय तुझ्या कपात वाकून बघणारेय?"

"चेष्टा पुरे. अडीच वर्षं गप्प राहिलास ना, आता अर्धा तास राहा."

त्याने कप झाकून ठेवला. नऊ बावीस झाले, सिस्टरांनी देवापुढे डोकं टेकलं आणि तशाच आत जाऊन कपाटातून पिशवी काढून आणली. पिशवीत मोरपंखी रंगाची साडी होती. घेऊन दोन वर्षं झाली होती, पण घडी अजून दुकानातलीच होती.

"ही कुठे घेऊन निघालीस?" बाबूने विचारलं, पण त्याला ते ठाऊक होतं.

"चष्मेवालीकडे. तिच्या आईला रीतसर विचारून येते. आता कुणाची आडकाठी नाही."

बाबू बूट घालायला खाली वाकला आणि नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला. "आज नको जाऊस," तो नाडीकडे बघत म्हणाला. "मी संध्याकाळी लवकर येतो. आधी आपण बोलू."

"बोलायचं काय त्यात? अडीच वर्षं थांबली पोरगी. तिला अजून ताटकळत ठेवू?"

"आई, ऐक माझं..."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये एक म्हातारे गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले होते. त्याने हत्यारांची पेटी उचलली, दारात थबकला, आईच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि जिना उतरून गेला. लाजतोय मेला, असं म्हणून सिस्टर एकट्याच हसल्या.

चष्मेवाली हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचं काम करायची. सिस्टर पहिल्यांदा तिच्याकडे गेल्या तेव्हा तिने चौकट नाकावर ठेवून बारीक अक्षरांचा कागद पुढे धरला, तर सिस्टरांनी पिशवीतून पंचांगच काढलं. "मला हे दिसलं म्हणजे सगळं दिसलं," त्या म्हणाल्या. मुलगी खळखळून हसली. पंचांगातली तिथी-नक्षत्रं नीट वाचता येईपर्यंत तिने तीन वेळा भिंग बदललं. तोच चष्मा आजही सिस्टरांच्या डोळ्यांवर होता. मुलगी त्यांना मनापासून आवडली होती. म्हणूनच, बाबूने एके दिवशी जेवताना खाली मान घालून "तीच" असं सांगितलं, तेव्हा सिस्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो तिच्या जन्मवेळेचा.

ज्योतिषीबुवांनी दोन पत्रिका शेजारी ठेवल्या आणि ते चुकचुकले. मुलाची मकर, मुलीची सिंह. षडाष्टक, आणि तेही वाईटातलं. रवी आणि शनी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. वर मुलाची साडेसाती. "मुलाच्या जिवाला जपा," बुवा म्हणाले. "साडेसाती उतरू दे, मग शांत वगैरे करून विचार करू."

विचार करू, एवढंच बुवा म्हणाले होते. सिस्टरांनी त्याचा अर्थ 'मग करू' असा घेतला आणि घरी येऊन मुलाला सांगितलं. ज्या घरात एक पुरुष असाच अवेळी गेला, त्या घरात 'जिवाला' हा शब्द फार मोठा असतो. बाबूने आईच्या तोंडाकडे बघितलं. "थांबू," म्हणाला. सिस्टर स्वतः दुकानात जाऊन मुलीलाही समजावून आल्या. ती भिंग पुसत सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मी थांबेन, सिस्टर. पण त्याला एकदा विचारा ना, तो थांबतोय की तुम्ही थांबवताय." सिस्टरांना ते बोलणं आगाऊपणाचं वाटलं होतं. पुढे दुकानात दुसरीच मुलगी दिसू लागली. चष्मेवालीला दुसऱ्या शाखेत पाठवल्याचं कळलं, तेव्हा सिस्टरांना बरंच वाटलं. दृष्टीआड असली की थांबणं सोपं जातं.

चष्मेवालीची आई शिवणकाम करायची. खिडकीशी मशीन, मशीनवर शाळेच्या गणवेशाची अर्धी बाही, गळ्यात टेप, बोटांना खडूची पूड. सिस्टरांना दारात बघून तिचा पाय मशीनवर थांबला.

"या," ती म्हणाली. तिने खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले, पण चेहऱ्यावर हसू आणलं नाही.

सिस्टर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. "आज सकाळी सुटली हो माझ्या बाबूची साडेसाती," त्यांनी सुरुवात केली. "आता काही भीती नाही. म्हटलं, पहिला दिवस आहे, पहिल्यांदा तुमच्याकडेच जाऊ. तुमच्या लेकीला..."

शिंपीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला त्याने सांगितलं नाही?"

"काय?"

"अहो बाई, चौदा महिने झाले तिच्या लग्नाला. लांब असते ती. पाचवा लागलाय तिला."

मशीनवरची बाही सरकून खाली पडली. ती कुणीच उचलली नाही.

"तुमचा बाबू आला होता लग्नाला," शिंपीणबाई सांगत राहिली. थांबली असती तर तिलाच रडू आलं असतं. "सामान गाडीत त्यानेच चढवलं. माझं लोखंडी कपाट दिलं मी तिला, ते दोघांना हलेना. त्याने एकट्याने पाठीवर घेतलं. त्याच्या महिनाभर आधी तो इथे येऊन या खुर्चीवर बसला होता, तुम्ही बसलाय तिथेच. मला म्हणाला, मावशी, तिला सांगा थांबू नको. शनी उतरला की आई दुसरा कुणीतरी ग्रह आणेल. आणि जाताना माझा हात धरून म्हणाला, माझ्या आईला कळू देऊ नका. तिचा नेम चाललाय, मध्येच मोडला तर ती उभी राहायची नाही."

सिस्टरांना काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "पण त्या दोघांचं षडाष्टक होतं हो. मी काही मुद्दाम..."

"होतं ना! असेल!" शिंपीणबाईचा आवाज पहिल्यांदा चढला. ती उठली, भिंतीतल्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला, त्यातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला पिवळा कागद काढला. "ही तिची जन्माची चिठ्ठी. प्रसूतिगृहातली. तुम्ही तर जन्मभर हेच काम केलंत. दाखवा मला, काय वाईट लिहिलंय यात माझ्या पोरीचं?"

सिस्टरांनी चष्मा सारखा केला. तारीख. मुलगी. वजन सव्वासहा पौंड. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. खाली सहीची आडवी रेघ, शेवटी वर उचललेली.

ती रेघ त्यांचीच होती.

बाळंतखोलीतलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं. मेट्रनबाईंनीच ते तसं ठेवलं होतं, पुढच्या पाळीच्या मुली वेळेवर याव्यात म्हणून. कामावरच्या सगळ्यांना ते माहीत होतं. मूल बाहेर आलं, रडलं, नाळ कापली, पुसलं, वजन केलं, की मग मान वर करून घड्याळ बघायचं, दहा वजा करायचे आणि लिहायचं. कुणी वजा करायचं, कुणी नाही. दहा मिनिटांनी बाळाला काय होणार? पण बाबूच्या वेळी सिस्टरांनी कळा सोसतानासुद्धा मैत्रिणीला बजावलं होतं: तुझ्या मनगटावरचं बघ गं, सेकंदासकट लिही. बाबूची वेळ सेकंदासकट होती.

आणि ही तारीख. सहीशेजारी ती बघितली तेव्हा कुठे तो दिवस आठवला. त्या दिवशी साडेतीन वर्षांच्या बाबूला ताप होता आणि त्याला शेजारणीकडे झोपवून त्या कामावर आल्या होत्या. पाळी दोनला सुटायची. शेवटचं बाळंतपण लांबलं होतं. मुलीला कपड्यात गुंडाळून आईच्या कुशीत दिलं आणि त्या घाईघाईने चिठ्ठी भरून पळाल्या होत्या. वजाबाकी केली नव्हती. जीव घराकडे लागला होता.

बाबूने चष्मेवालीची वेळ फोनमध्ये बघून वाचून दाखवली, तेव्हा सिस्टरांनी ती निमूट लिहून घेतली होती. गावात तीन प्रसूतिगृहं. कुठल्या, असं त्यांनी विचारलं नाही. ही वेळ कुणी लिहिली, कुठल्या घड्याळात बघून लिहिली, हे विचारणं जगात एखाद्या माणसाला सुचायला हवं होतं, तर ते त्यांनाच.

"ही माझी सही आहे," त्या म्हणाल्या. "ते घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. तुमची मुलगी दोन वाजता झाली."

शिंपीणबाईला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा ती कोरडं हसली. "मग आता काय करू? तिला परत पोटात घालू आणि बरोब्बर दोनला काढू?"

सिस्टर उठल्या. हात जोडले. शिंपीणबाईने त्यांचे हात धरून खाली केले. रागाने की दयेने, कळलं नाही. साडीची पिशवी मात्र तिने परत दिली. "ही नको. तिला कसं सांगू कुणाची म्हणून?"

सिस्टर तिथून सरळ घरी गेल्या नाहीत. ज्योतिषीबुवांची खोली वह्यापुस्तकांच्या दुकानावर होती. बुवा आता संगणकावर पत्रिका करायचे. सिस्टरांनी उभ्याउभ्याच सांगितलं, दोन दहा नाही, दोन. बुवांनी आकडा बदलला. पडद्यावर चंद्राचं घर सरकलं.

"अरे!" बुवा पुढे वाकले. "दोन वाजून चार मिनिटांनी चंद्र सिंहेत गेलाय. म्हणजे त्याआधी कर्क. कर्क आणि मकर, समसप्तक. उत्तम! षडाष्टकाचा प्रश्नच नाही." मग ते बोलता बोलता थांबले.

"काय?"

"काही नाही. नक्षत्र आश्लेषा येतंय. जुनी माणसं म्हणतात, आश्लेषेची सून सासूला जड जाते. पण हल्ली कोण मानतं ते?" बुवांनी चष्मा काढला, डोळे पुसले. "मुलाला कसलीही भीती नव्हती, सिस्टर. असलीच तर तुम्हाला होती."

त्यांनी मुद्दाम टोचलं नव्हतं. जे दिसलं तेच सांगितलं होतं. सिस्टर जिना उतरून रस्त्याला लागल्या.

वाटेत बागेच्या कठड्यावर त्या बऱ्याच वेळ बसल्या. समोर मुलं चेंडू खेळत होती. त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: हे बाबूला सांगायचं का? त्याचं जे गेलं ते परत येणार नव्हतं. आपण नशिबापुढे वाकलो, असं समजून तो निदान उभा तरी होता. नशीब नव्हतंच, आईने घाईत भरलेली एक चिठ्ठी होती, हे कळून त्याच्या पदरात काय पडणार? नाही सांगितलं, तर तो शनीला बोल लावील आणि शनी उलट बोलणार नाही. किती सोयीचं! अडीच वर्षं त्यांनी तेच केलं होतं. शनी हा न्यायाचा देव, तो कुणाचं वाईट करत नाही, माणसाला त्याचं त्याला दाखवतो, असं त्या स्वतः दर शनिवारी डोळे मिटून म्हणत आल्या होत्या. डोळे मिटून.

बाबू खरंच लवकर आला. खुर्चीवर पिशवी तशीच दिसली, तेव्हा त्याने हातातली पेटी खाली ठेवली.

"गेलीस."

"गेले." सिस्टरांनी त्याला पाणी दिलं. "ते म्हातारे गृहस्थ निघाले का रे बाहेर?"

"निघाले. पाऊण तास होते आत. मला म्हणाले, उशीर केलास."

सिस्टर पिशवी बाजूला सारून खुर्चीवर बसल्या.

"साठ शनिवार, बाबू," सिस्टर म्हणाल्या. "साठ शनिवार मी दिव्यासमोर बसून तुमच्या दोघांचं भलं मागत होते, आणि तुला माहीत होतं. तू खुशाल बाहेर जेवून येत होतास."

"जेवत नव्हतो."

"म्हणजे?"

"शनिवारी बाहेर खातो म्हणायचो. खात नव्हतो." तो नखातलं ग्रीस काढत म्हणाला. "तू माझ्या जिवासाठी उपाशी, आणि मी काय खाणार? सांगायचं बरेचदा ठरवलं होतं. पण दिव्यासमोर बसलीस की तुझा चेहरा कसा व्हायचा, ते तुला नाही दिसायचं. बाबा गेल्यापासून तुला तसं निवांत कधी बघितलंच नव्हतं मी. ते कसं मोडू?"

मग सिस्टरांनी सांगितलं. मेट्रनबाईंचं घड्याळ, दोन वाजून दहा, न केलेली वजाबाकी, स्वतःची सही. कर्क, समसप्तक. त्याच्या तापाचं तेवढं त्यांना सांगायचं नव्हतं, पण सांगायचं तर सगळंच, म्हणून तेही सांगितलं. आणि शेवटी आश्लेषा.

बाबूने सवयीने रिकामा पेला पालथा घालून ठेवला. मग त्याने विचारलं, "आई, वेळ बरोबर लिहिलेली असती, तर तू हो म्हणाली असतीस?"

सिस्टरांना चटकन 'हो' म्हणायचं होतं. ओठांवर आलंच होतं. स्वतःवर येणारं संकट आपण हसत घेतलं असतं, सून आणली असती, मरण आलं असतं तर आलं असतं. एकशे तीस शनिवार उपाशी राहिलेल्या बाईला एवढं म्हणायला काय जड? पण आज बागेच्या कठड्यावर त्यांनी स्वतःला कधी नव्हे ते नीट बघितलं होतं. दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन रिकाम्या घरात शिरलेली ती बाई त्यांना दिसली होती. ती अजून तशीच, दाराला कडी घालून उभी होती.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "मी दुसरं काहीतरी शोधलं असतं."

बाबूने मान हलवली. "मलाही तसंच वाटायचं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर सिस्टरांना सोसला असता. "ती मला म्हणाली होती, तू एकदा तुझ्या तोंडाने थांब म्हण, मी म्हातारी होईपर्यंत थांबेन. मला म्हणता आलं नाही. मी म्हटलं, आई म्हणते. तुझं एकटीचं नाही, आई. माझंही आहे त्यात."

त्या पुढे झाल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने ठेवू दिला. मग तसाच, मान खाली घालून, तो म्हणाला, "कंपनीने मला दुसऱ्या गावी बोलावलंय. दोन महिने झाले. मी त्यांना म्हटलं, आईचा नेम संपला की येतो."

हात तिथेच राहिला. "कधी?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी."

"शनी पालटायची वाट बघत होतास."

"तुझा नेम संपायची," बाबू म्हणाला.

सोमवारी तो गेला. जाताना पाया पडला, गॅसची नळी बदलून गेला, वरच्या फळीवरचे डबे आईच्या हाताला लागतील असे खाली मांडून गेला. पोचल्यावर फोन केला. खोली बरी आहे, खिडकीतून एक उंच इमारत दिसते आणि तिच्या चारही लिफ्ट नीट चालतात, म्हणाला. आईला हसू यावं म्हणून म्हणाला. सिस्टर हसल्या.

शनिवार आला. आता नेम उरला नव्हता, तरी सूर्य मावळायच्या सुमाराला पाय आपोआप देवापुढे वळले. त्यांनी दिवा लावला. अडीच वर्षं दर वेळी पहिला शब्द तोच असायचा: माझ्या बाबूला सांभाळ. आज 'माझ्या' म्हटलं आणि पुढचं येईना. पुन्हा म्हणून बघितलं. मग त्यांनी तो शब्द सोडला.

"तुझ्या नावावर मी माझं सगळं भय खपवलं रे देवा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू एकदाही तक्रार केली नाहीस. तो मुलगाही तसलाच."

स्तोत्र त्यांनी म्हटलं नाही. डोळेही मिटले नाहीत. चष्मेवालीने तीन वेळा बदलून दिलेल्या भिंगातून दिव्याची वात, वातीवरची काजळी, समईवरचा तेलाचा ओघळ, सगळं अगदी स्पष्ट दिसत होतं.

मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. ताट वाढून घेतलं. आज मीठ घालायला काही हरकत नव्हती. त्यांनी चिमूटभर मीठ भातावर घातलं, पहिला घास तोंडात घेतला आणि तो कितीतरी वेळ तिथेच धरून बसल्या.